आत्म्याने भरलेलं जीवन: नवीन विश्वासणाऱ्याने सुरुवात कुठून करायची

मंडळीत नवीन आलेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात, "आत्म्यात चाला" आणि "आत्म्याने भरून जा". सगळे आमेन म्हणतात, आपणही म्हणतो. पण सोमवारी सकाळी दहा वाजता ऑफिसमध्ये बॉस ओरडतोय किंवा घरी मुलं रडतायत आणि गॅसवरचं दूध उतू जातंय, तेव्हा आत्म्यात चालायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख. पायरी पायरीने लिहितोय, पण सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत बरं का, काही दोन ओळीत संपतात आणि काहींवर माणूस आयुष्यभर रेंगाळतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. आत्म्याने भरलेलं जीवन म्हणजे देवाने आधीच जे सांगितलंय आणि आपल्याला नीट कळलंय, ते छोटंसं काम आज करणं, आणि त्यासाठी लागणारी ताकद त्याच्याकडे मागत राहणं. अनुभव, अश्रू, अंगावर काटा हे येतं कधीकधी, आलं तर आनंद आहे, पण त्याच्या मागे धावलात तर दमाल.

आधी हे कळू द्या की तो "कोण" आहे

बरेच जण पवित्र आत्म्याबद्दल एखाद्या शक्तीसारखं बोलतात, किती मिळाली, कुठे मिळते, कुणाकडे जास्त आहे. योहानाच्या शुभवर्तमानात १४ ते १६ हे अध्याय निवांत बसून वाचा, येशू वधस्तंभावर जायच्या आदल्या रात्री शिष्यांशी बोलतोय आणि म्हणतोय की मी पित्याला विनंती करेन, तो तुम्हाला दुसरा कैवारी देईल. कैवारी म्हणजे आपली बाजू घेऊन उभा राहणारा कोणीतरी. तो शिकवतो, आठवण करून देतो, पापाची जाणीव करून देतो. प्रेषितांची कृत्ये १३ मध्ये तो बोलतो, रोमकरांस पत्र ८:२६ मध्ये आपल्याला प्रार्थना सुचत नाही तेव्हा आपल्यासाठी मध्यस्थी करतो, इफिसकरांस ४:३० प्रमाणे तो खिन्नही होतो. खिन्न व्हायला कोणीतरी असावं लागतं. सन ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत मंडळीने विश्वासांगीकारात त्याला "प्रभू आणि जीवनदाता" म्हटलं आणि पिता-पुत्रांबरोबर त्याचीही उपासना होते असं स्पष्ट लिहिलं. तर मग प्रश्न "मला किती पॉवर मिळाली" असा न विचारता "माझं त्याच्याशी बोलणं चालू आहे का" असा विचारायला लागा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

दुसरी गोष्ट. तुम्ही ख्रिस्ताचे असाल तर आत्मा तुमच्यात आहेच, रोमकरांस ८:९ याबद्दल अगदी स्पष्ट आहे. राहणं वेगळं आणि भरून टाकणं वेगळं. पेत्राचंच बघा, पेंटेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर आत्मा उतरला त्या दिवशी (कृत्ये २), तो बाकीच्यांबरोबर भरला, मग ४:८ मध्ये अधिकाऱ्यांपुढे उभा राहिला तेव्हा परत "आत्म्याने परिपूर्ण होऊन" बोलला, आणि त्याच अध्यायात ३१ व्या वचनात सगळ्यांनी मिळून प्रार्थना केल्यावर जागा हादरली आणि ते सगळे पुन्हा भरले. म्हणजे एकदा झालं आणि सर्टिफिकेट मिळालं असला हा प्रकार नाही.

इथे मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत हे नवीन माणसाने माहीत करून घ्यावं म्हणजे धक्का बसत नाही. पेंटेकॉस्टल लोक म्हणतात आत्म्याचा बाप्तिस्मा हा तारणानंतरचा वेगळा अनुभव आहे आणि अन्य भाषा, म्हणजे न शिकलेल्या भाषेत आत्म्याच्या प्रेरणेने बोलणं, ही त्याची खूण. बॅप्टिस्ट आणि इतर बरेच म्हणतात तो बाप्तिस्मा विश्वास ठेवतानाच होतो, नंतर होत राहतं ते भरणं. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरेत बाप्तिस्मा आणि त्यानंतरचा तेलाने अभिषेक करण्याचा संस्कार यांच्याशी हे जोडलेलं आहे. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आणि १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर यांच्या सभांमध्ये आत्म्याने भरण्याचं जे जागरण झालं त्यानंतर ही चर्चा जगभर जोरात सुरू झाली आणि अजून चालूच आहे. तुम्ही नवीन आहात, या वादात पहिल्या वर्षी पडू नका. रोज आत्म्याच्या अधीन राहून जगायचं यावर सगळ्यांचं एकमत आहे आणि तेवढं काम पुरेसं आहे.

पायरी पहिली: हिशेब साफ करा

हे कुणालाच आवडत नाही, म्हणून बहुतेक शिकवणीत दोन मिनिटात उरकतात. मी इथे जरा थांबणार आहे.

"आत्म्याला खिन्न करू नका" हे वचन सगळे पाठ म्हणतात पण त्याच्या आजूबाजूला काय लिहिलंय ते बघा, इफिसकरांस ४, वचन २५ ते ३२. खोटं बोलणं सोडा. राग आला तर सूर्य मावळेपर्यंत ठेवू नका. चोरी बंद करा, कष्ट करा. तोंडातून घाणेरडं बोलणं निघू नये. मग हे खिन्न करू नका वालं वचन. आणि लगेच परत कडूपणा, संताप, आरडाओरडा, निंदा. म्हणजे आत्म्याला वाईट वाटतं ते मुख्यतः आपल्या जिभेमुळे आणि आपण माणसांशी वागतो त्यामुळे! मला वाटतं हे खूप महत्त्वाचं आहे कारण आपण उपवास किती केले ते मोजत बसतो आणि सख्ख्या भावाशी दोन वर्षं बोलत नाही.

करायचं काय? कागद पेन घ्या, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. देवाला म्हणा, तुला माझ्यात जे दाखवायचंय ते दाखव. मग जे आठवेल ते नाव घेऊन लिहा. "देवा माझी सगळी पापं माफ कर" ही प्रार्थना फार सोयीची आहे, त्यात काहीच कबूल करावं लागत नाही. "मी अमक्याबद्दल ग्रुपवर जे पसरवलं ते खरं नव्हतं आणि मला ते माहीत होतं" असं लिहायला हात जड होतो, तेच लिहायचं. १ योहान १:९ मध्ये वचन आहे की आपण पापं कबूल केली तर तो विश्वासू आणि न्यायी आहे, क्षमा करतो आणि शुद्ध करतो. क्षमा झाली यावर वचनाच्या आधाराने विश्वास ठेवा, मग कागद फाडून टाका. कुणाच्या हाती लागू देऊ नका उगाच.

त्यानंतर माणसांकडे जायचं. मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी समेट कर. माफी मागताना आपण काय करतो माहितीये, मेसेज टाइप करतो "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी", सोबत हात जोडलेला इमोजी. यात चूक कुणाची? वाईट वाटून घेणाऱ्याची! तो मेसेज डिलीट करा आणि असं लिहा, "त्या दिवशी मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर तुला खोटं पाडलं. तू खरं बोलत होतीस आणि मला ते ठाऊक होतं. माझी चूक झाली, माफ कर." बस. पुढे "पण तू पण" असं सुरू करायचं नाही. समोरून रिप्लाय आला नाही तरी तुमचं काम झालं, निळ्या टिक्स बघत बसू नका. पैसे बुडवले असतील तर नुसतं सॉरी चालणार नाही, परत करायला लागा, एकदम जमत नसेल तर हप्त्याने.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. ज्या माणसाने तुम्हाला मारलंय, छळलंय, तुमचा गैरफायदा घेतलाय, त्याच्याकडे परत जा असा याचा अर्थ होत नाही. क्षमा देवासमोर मनात करता येते, तिला वेळही लागतो, आणि सुरक्षित अंतर ठेवणं हे पाप नाही. आत्म्याचं नाव घेऊन कुणी तुम्हाला मार खायला परत पाठवत असेल तर त्याचं ऐकू नका आणि गरज असेल तर पोलिसांची मदत घ्या.

पायरी दुसरी: मागा

ही छोटी आहे. लूक ११:१३, तुम्ही वाईट असून मुलांना चांगल्या वस्तू देता तर स्वर्गीय पिता मागणाऱ्यांना पवित्र आत्मा किती विशेष करून देईल. मागायचं, एवढंच. "प्रभू, मी स्वतःच्या जोरावर हे जगू शकत नाही, आज मला तुझ्या आत्म्याने भर, माझा वेळ, माझी जीभ, माझे पैसे, माझा मोबाइल सगळं तुझ्या हातात" असं साध्या भाषेत, जोरात ओरडायची गरज नाही, ठरावीक शब्दही नाहीत. पाळकांनी किंवा वडीलधाऱ्या विश्वासणाऱ्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली तर उत्तम, कृत्ये ८ आणि १९ मध्ये तसं झालंय. पण कृत्ये १० मध्ये कर्नेल्याच्या घरी पेत्र अजून बोलतच होता आणि आत्मा उतरला, कुणी हात ठेवायच्या आधी. त्याच्या पद्धती त्याच्याकडे.

आणि पैसे द्यायचे नाहीत. अभिषेकाचं तेल, स्पेशल सीटिंग, "बीज पेरा म्हणजे अभिषेक येईल" असलं काहीही असेल तर उठून घरी या. कृत्ये ८ मध्ये शिमोनाने हे दान विकत घ्यायला पैसे पुढे केले तेव्हा पेत्राने त्याला काय सुनावलं ते वाचा, फारच कडक शब्द आहेत.

मागितल्यावर काही वाटलं नाही तर? चालेल. उठा आणि पुढच्या कामाला लागा. आत्मा आलाय की नाही हे तपासायला सारखं आत डोकावत बसलं की माणूस फक्त स्वतःकडेच बघत राहतो.

पायरी तिसरी: रोजचं

इफिसकरांस ५:१८ मध्ये पौल म्हणतो मद्यपान करून मस्त होऊ नका तर आत्म्याने परिपूर्ण व्हा, आणि मग परिणाम सांगतो, गाणी, उपकारस्तुती, एकमेकांच्या अधीन राहणं, नवरा-बायको, मुलं-आईबाप, धनी-चाकर. आता कलस्सैकरांस ३:१६ पासून पुढे वाचा. तिथे म्हणतो ख्रिस्ताचं वचन तुमच्यात विपुल राहो, आणि मग परिणाम? गाणी, उपकारस्तुती, नवरा-बायको, मुलं, धनी-चाकर. तीच यादी! त्यामुळे "मला बायबल वाचायला जमत नाही पण मी आत्म्यात आहे" हे गणित बसत नाही.

नवीन असाल तर मार्कपासून सुरू करा, १६च अध्याय आहेत, भाषा धावती आहे. मग योहान, मग कृत्ये, मग इफिसकरांस पत्र. एकदम उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत एका वर्षात वगैरे पहिल्याच वर्षी ठरवू नका, लेवीय पुस्तकात गाडी अडकते आणि मग अपराधी वाटत राहतं. रोज अर्धा अध्याय चालेल. वाचून झाल्यावर वहीत एकच ओळ लिहायची, आज यातलं मी काय करणार. "आज प्रेम करेन" अशी ओळ नको, ती कुणालाच तपासता येत नाही. "आज संध्याकाळी आईला फोन करेन आणि तिचं बोलणं मध्ये तोडणार नाही" अशी हवी. ही ओळ म्हणजे या सगळ्या लेखाचा मुद्दा आहे खरं तर, कारण आत्मा बहुतेक वेळा पुढची गोष्ट तेव्हाच दाखवतो जेव्हा आधीची केलेली असते, निदान मी आजूबाजूला जे लोक विश्वासात मुरलेले बघितले त्यांचं सगळ्यांचं असंच आहे, त्यांच्याकडे मोठे साक्षात्कार कमी आणि छोटी आज्ञापालनं जास्त.

वेळ सकाळचा असला तर बरं, पण रात्रपाळी करणाऱ्याने किंवा तान्हं बाळ असणाऱ्या आईने सकाळी पाचचा हट्ट धरू नये. जो वेळ मिळेल तो. फक्त एक नियम पाळा, मोबाइलचं स्क्रीन उघडण्याआधी देवाशी दोन वाक्यं बोला. उठल्या उठल्या नोटिफिकेशन बघितल्या की दिवसाचा मूड दुसरंच कोणीतरी ठरवतं.

दिवसभरात छोट्या प्रार्थना. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधा माणूस होता, मठाच्या स्वयंपाकघरात काम करायचा, आणि भांड्यांच्या खडखडाटात सुद्धा तो देवाशी तितकंच बोलायचा जितकं गुडघ्यावर असताना. ही सवय लावता येते. फोन वाजला, उचलण्याआधी मनात "प्रभू, नीट बोलू दे". जिना चढताना "थँक यू". राग आला, तोंड उघडायच्या आधी "मदत कर". हसू येईल इतक्या छोट्या आहेत या प्रार्थना, पण गलतीकरांस ५ मधलं "आत्म्याच्या प्रेरणेने चाला" हे चालणं असंच एक एक पाऊल असतं.

रात्री पाच-दहा मिनिटं उजळणी. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या लोकांना हे शिकवलं आणि आजही त्यांच्या संघाचे लोक, म्हणजे जेसुइट, करतात, प्रोटेस्टंट असाल तरी वापरायला हरकत नाही. आधी उपकार माना, मग दिवस सकाळपासून आठवा, कुठे आत्म्याचं ऐकलं, कुठे टाळलं, माफी मागा, उद्याचं मागा, झोपा. सकाळी लिहिलेली ती ओळ झाली का ते पण बघा. नसेल झाली तर उद्या परत तीच लिहा.

पायरी चौथी: आवाज ओळखणं, आणि इथे सगळ्यात जास्त सांभाळायचं

"प्रभूने मला सांगितलं" हे वाक्य फार जपून वापरायचं असतं. या एका वाक्यावर लग्नं मोडलीत, नोकऱ्या सुटल्यात, मंडळ्या फुटल्यात.

तरी आत्मा बोलतो, यात शंका नको. कसा बोलतो याचं एक चांगलं चित्र कृत्ये १६ मध्ये आहे. पौल आणि त्याचे साथी आशिया प्रांतात जायला निघाले, आत्म्याने अडवलं. बिथुनियाकडे वळले, तिथेही जाऊ दिलं नाही. मग त्रोवसला पोचले, रात्री पौलाला दृष्टान्त झाला, मासेदोनियाचा एक माणूस बोलावतोय. आणि मग "आम्ही" अनुमान केलं की देवाने बोलावलंय, असं लूक लिहितो. म्हणजे दोन दारं बंद, एक दृष्टान्त, आणि सगळ्यांनी मिळून काढलेला निष्कर्ष. एवढा मोठा प्रेषित, पण एकट्याने ठरवून बाकीच्यांना फरफटत नेलं नाही.

तुम्हाला काही "जाणवलं" तर आधी बायबलशी ताडून बघा. देव स्वतःच्या वचनाविरुद्ध बोलत नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या नवऱ्याशी संसार कर असं आत्मा सांगणार नाही, कितीही शांती वाटली तरी. मग बघा हे येशूच्या स्वभावात बसतं का. मग विश्वासातल्या दोन समंजस माणसांना विचारा, आणि अशांना विचारा जे नाही म्हणू शकतात, तुमच्या हो ला हो करणाऱ्यांना नको. आणि थांबा. "आत्ताच्या आत्ता कर नाहीतर वाटोळं होईल" ही घाईची आणि भीतीची भाषा आली की समजायचं काहीतरी गडबड आहे. मात्र कुणाची माफी मागायची, कुणाला मदत करायची, खोटं बिल फाडून टाकायचं असल्या गोष्टींसाठी थांबायची अजिबात गरज नाही, त्या वचनात आधीच सांगितल्यात, तिथे "प्रार्थना करून सांगतो" हा पळपुटेपणा असतो.

समजा प्रेअर मीटिंगनंतर एक ब्रदर तुम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "बहीण, प्रभूने मला दाखवलंय की तुमचं लग्न अमक्याशी व्हायचंय." घाबरायचं नाही. शांतपणे म्हणायचं, "ठीक आहे ब्रदर, प्रभू मलाही सांगेल, तोपर्यंत मी काही ठरवत नाही, आणि मी हे पाळकांना आणि घरच्यांना सांगणार आहे." खरा माणूस याला हरकत घेत नाही. चिडला, "तू आत्म्याचा अपमान करतेस" म्हणाला, तर तुम्हाला उत्तर मिळालं. १ करिंथकरांस १४:२९ मध्ये संदेश देणाऱ्यांचं बोलणं बाकीच्यांनी पारखावं असंच लिहिलंय. आणि १ थेस्सलनीकाकरांस ५ मध्ये "आत्म्याला विझवू नका" याच्यानंतर दोनच वचनांनी "सगळ्या गोष्टींची पारख करा" येतं. दोन्ही एकत्र पाळायचं. बिरुयाच्या लोकांनी तर पौलाचं प्रवचनसुद्धा रोज शास्त्रात शोधून तपासलं आणि त्यासाठी त्यांचं कौतुक झालंय (कृत्ये १७:११).

औषधांचं वेगळं सांगतो. बरं होण्यासाठी प्रार्थना जरूर करा, देव बरं करतो. पण आत्म्याच्या नावाने कुणी इन्सुलिन, बीपीची गोळी किंवा मानसिक आजाराची औषधं बंद करायला सांगितली तर बंद करायची नाहीत. बरं झालं असेल तर टेस्टमध्ये दिसेल आणि डॉक्टरच कमी करतील.

अजून एक ओळखायची गोष्ट, आत्मा पापाची जाणीव देतो तेव्हा ती नेमकी असते. काल तू हे बोललीस, जा आणि नीट कर. वाट दाखवलेली असते. "तू बेकार आहेस, तुझं काही होणार नाही, देव तुला कंटाळला" हा गोल गोल फिरणारा, कुठेच न नेणारा आवाज त्याचा नाही. तो दिवसेंदिवस थांबतच नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जा, यात विश्वास कमी पडला असं काही नसतं.

दानं आणि फळ

१ करिंथकरांस १२ मध्ये दानांची, म्हणजे आत्मा सेवेसाठी देतो त्या क्षमतांची, यादी आहे, ज्ञानाचं वचन, विश्वास, बरं करणं, संदेश, अन्य भाषा वगैरे, आणि रोमकरांस १२ मध्ये दुसरी यादी ज्यात सेवा, शिकवणं, देणं, दया करणं येतं. ती दुसरी यादी कुणी पोस्टरवर छापत नाही. करिंथच्या मंडळीला कुठल्याच दानाची कमी नव्हती असं पौलच म्हणतो (१:७), आणि तीच मंडळी गटबाजी करत होती, एकमेकांना कोर्टात खेचत होती, प्रभुभोजनात गरिबांना उपाशी ठेवत होती. म्हणून दानांच्या दोन अध्यायांच्या मध्ये प्रीतीचा १३ वा अध्याय आलाय, तो लग्नपत्रिकेसाठी लिहिलेला नाही.

अन्य भाषा नाही आल्या तर? १२:३० मध्ये पौल विचारतो सगळेच अन्य भाषा बोलतात काय, आणि उत्तर नाही असंच अपेक्षित आहे. पेंटेकॉस्टल शिक्षक म्हणतील तिथे सभेतल्या दानाबद्दल आहे, वैयक्तिक प्रार्थनेबद्दल नाही. असो. मागा, मिळालं तर वापरा, नाही मिळालं तर दुसऱ्याची नक्कल करत काहीतरी पुटपुटू नका, आणि कुणी तुम्हाला "अमुक आवाज काढा, पटापट म्हणा" असं शिकवायला लागलं तर नम्रपणे नाही म्हणा.

आणि दान म्हणजे स्टेजवरचंच असं नाही. बायबलमध्ये नाव घेऊन "देवाच्या आत्म्याने भरलं" असं पहिल्यांदा ज्याच्याबद्दल म्हटलंय तो बसालेल (निर्गम ३१) हा कारागीर होता, सोनं-चांदी-पितळ, रत्नं, लाकूडकाम. कृत्ये ६ मध्ये विधवांच्या रोजच्या अन्नवाटपात अन्याय होतोय म्हणून सात माणसं निवडली, त्यांची अट काय, आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण. जेवण वाढायला! त्यामुळे तुमचं शिवणकाम, अकाउंट्स, ड्रायव्हिंग, नर्सिंग याला कमी समजू नका.

आत्म्याचं फळ म्हणजे त्याच्यामुळे स्वभावात येणारे गुण, त्यांची यादी गलतीकरांस ५:२२-२३ मध्ये, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. आपल्यात हे वाढतंय का हे स्वतःला विचारू नका, आपण स्वतःला फार मार्क देतो. घरच्यांना विचारा. नवऱ्याला, बायकोला, सासूला, रूममेटला, हाताखाली काम करणाऱ्याला. "गेल्या काही महिन्यांत माझ्या बोलण्यात काही फरक वाटतो का?" उत्तर ऐकताना तोंड बंद ठेवायचं, स्पष्टीकरण द्यायचं नाही, ती पण एक सौम्यताच.

कोरडे दिवस

येतात. सगळ्यांना येतात. लूक ४:१ बघा, येशू आत्म्याने पूर्ण होऊन यार्देनेहून परतला आणि आत्म्यानेच त्याला रानात नेलं, ४० दिवस, उपाशी, परीक्षा. म्हणजे रान आलं याचा अर्थ आत्मा गेला असा नाही. अशा वेळी आधी बघा काही टाळलेली आज्ञा आहे का, असेल तर ती करा. नसेल तर बघा झोप किती होतेय! एलीया संदेष्टा दमून झुडपाखाली मरण मागत होता (१ राजे १९) तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, खायला दिलं, झोपू दिलं, परत उठवून खायला दिलं. मग पुढचा प्रवास. प्रार्थना सुचत नसेल तर स्तोत्रं मोठ्याने वाचा, १३, ४२, ६३ ही तीन अशाच दिवसांसाठी आहेत.

एकट्याने नका करू

कृत्ये २:४२ मध्ये पहिल्या मंडळीच्या चार गोष्टी दिल्यात, प्रेषितांचं शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणं, प्रार्थना. चारही दुसऱ्यांबरोबर होतात. यूट्यूबवरचं प्रवचन ऐका, पण ते तुम्हाला ओळखत नाही. मंडळी निवडताना संगीत शेवटी बघा. आधी बघा पाळकांना प्रश्न विचारलेला चालतो का, पैशाचा हिशेब सगळ्यांना दिसतो का, सोडून गेलेल्या माणसांबद्दल तिथे कसं बोलतात, आणि लहान मुलं व बायका तिथे बिनधास्त वावरतात का.

मग त्यातूनच एक माणूस शोधा, पुरुषाने पुरुष आणि स्त्रीने स्त्री शोधलेली बरी, तुमच्यापेक्षा थोडी वर्षं पुढे असलेली. आठवड्यातून एकदा भेटा नाहीतर फोन करा, अर्धा तास पुरे. वहीतली ती रोजची एक ओळ तिला दाखवा, कुठे अडलंय ते सांगा, एकमेकींसाठी प्रार्थना करा. आणि तिने विचारलं की "मागच्या आठवड्यात दिराची माफी मागणार होतीस, मागितलीस का?", तर राग मानू नका, त्यासाठीच तर तिला वही दाखवलीत.